उन्हाळा, फ्रिज आणि कोरी फिल्म : आदिलाबादच्या हवेत रोल कसे जपावेत

कॅमेऱ्यात अद्याप न भरलेली, कोरी फिल्म फ्रिजमध्ये ठेवावी की नाही, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी फक्त स्टुडिओवाल्यांचा होता. रोल गल्लीतल्या दुकानात मिळे, महिन्याभरात वापरला जाई आणि मुदत संपण्याची वेळ सहसा येत नसे. आता स्थिती उलटी आहे. डिजिटल कॅमेऱ्याने आणि पुढे मोबाइलने फिल्मची बाजारपेठ संपवली. मग काही तरुण हौशी मंडळी पुन्हा फिल्मकडे वळली, तेव्हा रोल महाग झालेला आणि हैदराबाद, नागपूर किंवा मुंबईहून मागवावा लागणारा होता. एकदम पाच-दहा रोल घेऊन ठेवणे भाग पडते. ते वर्ष-दोन वर्षे पुरवायचे, तर आदिलाबादसारख्या जिल्ह्यात ते ठेवायचे कुठे?

हे ‘आदिलाबादसारख्या’ उगाच लिहिलेले नाही. पैनगंगेच्या अलीकडचा हा पठारी, डोंगराळ मुलूख मे महिन्यात ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो. मध्ये चार महिने पावसाळी ओल असते. फिल्मला नको असलेल्या गोष्टी दोनच, उष्णता आणि आर्द्रता. त्या दोन्ही येथे एकाच वर्षात, एकामागून एक, भरपूर मिळतात. युरोप-अमेरिकेत छापलेले सल्ले ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ एवढ्यावर संपतात. तिथल्या तळघरात तसे चालतही असेल. आपल्याकडे एप्रिल ते जून या काळात घरातली थंड आणि कोरडी अशी एकच जागा असते, ती म्हणजे फ्रिज.

फिल्म शिळी होते म्हणजे काय होते, हे आधी पाहू. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या हॅलाइड क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. या मिश्रणाला मराठीत पायस म्हणतात. प्रकाश पडला की स्फटिकावर चांदीच्या काही मोजक्या अणूंचा ठिपका तयार होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या खुणेला सुप्त प्रतिमा म्हणतात आणि डेव्हलपरच्या रसायनात ती खूण लाखो पटींनी वाढून दृश्य होते. अडचण अशी, की तसाच ठिपका प्रकाशाशिवाय, नुसत्या उष्णतेनेही हळूहळू तयार होऊ शकतो. अशी स्फटिके डेव्हलपरमध्ये काळी पडतात आणि सबंध निगेटिव्हवर एक करडा पडदा चढतो. छायाचित्रकार त्याला ‘फॉग’ म्हणतात. सावलीतले बारकावे आधी त्यात बुडतात. शिवाय फिल्मची संवेदनक्षमता उतरते, म्हणजे ४०० आयएसओचा रोल दोनशेसारखा वागू लागतो.

रंगीत फिल्मचे दुखणे याहून अवघड. तिच्यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात आणि त्या थरांत रंगद्रव्य घडवणारी सेंद्रिय रसायने असतात. प्रत्येक थर आपापल्या गतीने म्हातारा होतो. उजेड भरपूर देऊन मंदावलेली संवेदनक्षमता भरून काढता येते, परंतु सावल्यांत एक आणि उजळ भागात दुसरीच छटा आली, तर ती पुढे धड दुरुस्त होत नाही. कृष्णधवल फिल्म यापेक्षा पुष्कळ सोशिक. त्यातही मंद, म्हणजे पन्नास-शंभर आयएसओची फिल्म अधिक टिकते आणि आठशे, सोळाशे, बत्तीसशे अशी वेगवान फिल्म लवकर बिघडते. कारण तिचे स्फटिक मोठे आणि हळवे असतात.

रासायनिक क्रियांबाबत एक ढोबळ ठोकताळा शाळेत सांगतात. तापमान दहा अंशांनी वाढले, की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. तो फिल्मला तंतोतंत लागू होईल असे नाही, पण अंदाजाला पुरतो. पत्र्याच्या छपराखालची खोली मे महिन्यात ४४ अंशांवर आणि फ्रिज ४ अंशांवर धरला, तर फरक चाळीस अंशांचा, म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळा पट. फ्रिजमधल्या सव्वा वर्षाइतके वय कपाटातला रोल एका महिन्यात घेतो, असा त्याचा अर्थ. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान साठ अंशांपलीकडे जाते, तेव्हा त्या गणिताचे काय होईल, ते वाचकांनीच मांडून पाहावे. रोल असलेली पिशवी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जेवायला उतरणे, हा आपल्याकडचा फिल्मचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

कोडॅकच्या सूचनांत स्थिर छायाचित्रणाची कोरी फिल्म मूळ वेष्टनात २१ अंश किंवा त्याखाली ठेवावी, असे म्हटलेले असते. चित्रपटासाठीच्या कोऱ्या फिल्मला सहा महिन्यांपर्यंत १३ अंश आणि त्याहून दीर्घ काळासाठी उणे १८ अंश किंवा त्याखाली, अशी मर्यादा सांगितली जाते. घरच्या भाषेत याचा तर्जुमा सोपा आहे. महिन्या-दोन महिन्यांत वापरायचा रोल हिवाळ्यात कपाटात चालेल, उन्हाळ्यात मात्र नाही. वर्षभरात वापरायचा असेल, तर फ्रिजचा खालचा कप्पा. त्याहून पुढचा विचार असेल, तर वरचा बर्फाचा कप्पा.

बर्फाच्या कप्प्याचे नाव काढले, की लोक दचकतात. पाणी गोठले की फुगते, बाटली फुटते, मग फिल्मचे काय? शंका रास्त आहे, पण जिलेटिनमध्ये जे थोडे पाणी असते, ते मोकळे नसून जिलेटिनच्या रेणूंना बांधलेले असते. त्यामुळे पायसात बर्फाचे स्फटिक धरत नाहीत आणि थर तडकत नाही. अपवाद एकच, आणि तो पक्का लक्षात ठेवावा. पोलरॉइडसारखी झटपट छायाचित्राची फिल्म कधीही गोठवू नये. तिच्या प्रत्येक फोटोच्या कडेला डेव्हलपरच्या लगद्याची पिशवी असते. ती गोठली, की फोटो बाद. पोलरॉइडसाठी ४ ते १८ अंश ही मर्यादा आहे, म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा योग्य, वरचा नव्हे.

थंडीला न जुमानणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नैसर्गिक किरणोत्सर्ग. अवकाशातून येणारे किरण आणि जमिनीतील, भिंतींतील अल्प किरणोत्सर्ग यांचा मारा सतत चालू असतो आणि फ्रिजचा पत्रा तो अडवत नाही. मंद फिल्मला त्याने वर्षानुवर्षे फारसे काही होत नाही. बत्तीसशे आयएसओच्या फिल्मवर मात्र गोठवूनही करडा पडदा चढतोच. म्हणून असे रोल साठवू नयेत, लागतील तसे आणावेत. याच्याच जोडीला एक सूचना : विमानतळांवरील नवी सीटी पद्धतीची तपासणी यंत्रे एका फेरीतही रोल खराब करू शकतात. परदेशातील नातेवाइकांकडून फिल्म मागवणाऱ्यांनी ती हातातल्या सामानात, पारदर्शक पिशवीत ठेवून हातानेच तपासण्याची विनंती करायला सांगावे. सामानघरात जाणाऱ्या बॅगेत तर ती घालूच नये.

दव धरण्याचा हिशेब

फ्रिजमुळे बिघडलेल्या बहुतेक रोलांना थंडीने नव्हे, बाहेर काढल्यावरच्या घाईने मारलेले असते. थंड ताक ओतलेल्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसाच तो थंड फिल्मलाही येतो. पायसावर बसलेले पाण्याचे थेंब डाग पाडतात, जिलेटिन फुगवतात, गुंडाळीचे पदर एकमेकांना चिकटवतात. असा रोल कॅमेऱ्यात ओढताना थर उचकटतो.

हवेतले बाष्प कोणत्या तापमानाला दव होऊन बसेल, हे मोजता येते. आदिलाबादच्या ऑगस्टमध्ये हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. म्हणजे रोल जवळजवळ खोलीइतका कोमट झाल्याशिवाय डबी उघडता येत नाही. मेच्या भर दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास येतो. तेव्हा फ्रिजमधून काढलेला रोल थोडा वर चढला, की धोका टळतो. भर उन्हाळ्यात रोल लवकर उघडता येतो आणि श्रावणात वाट पाहावी लागते. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते खरे, पण ताकाचा पेलाही हेच सांगतो. पावसाळ्यात त्याला येणारा घाम टेबलावर ओघळतो.

कोडॅकच्या तांत्रिक पत्रकांतील कोष्टकानुसार १२० आकाराच्या रोलला कोमट होण्यास अर्धा ते एक तास लागतो, डबीतल्या ३५ मिलिमीटर रोलला एक ते दीड तास, पन्नास पत्र्यांच्या खोक्याला दोन ते तीन तास आणि ३५ मिलिमीटरच्या लांब गुंडाळीला तीन ते पाच तास. पहिला आकडा थोड्या फरकासाठी, दुसरा गोठवलेल्या फिल्मसाठी. घरी इतके मोजत बसण्यापेक्षा आदल्या रात्री रोल बाहेर काढून, वेष्टन न फोडता, पिशवीसकट खोलीत ठेवणे उत्तम. केसलापूरच्या नागोबा जत्रेला किंवा दिवाळीतल्या दंडारीचे गुसाडी नृत्य टिपायला पहाटे निघायचे असेल, तर हीच रीत सोयीची पडते. मात्र जत्रेच्या थंडीत आणखी एक गोष्ट सांभाळावी. फार थंड आणि कोरडी फिल्म ताठर असते. ती वेगाने ओढली किंवा परत गुंडाळली, की स्थिर विजेच्या ठिणग्या उडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा येतात. हँडल सावकाश फिरवावे.

ठेवण्याची रीत फारशी गुंतागुंतीची नाही. मूळ बंद वेष्टन फोडू नये, कारखान्यात ते कोरड्या हवेत बंद केलेले असते. प्लास्टिकची डबी चांगली, १२० रोलची चकचकीत पुडी चांगली, पण वरचे कागदी खोके ओल शोषते, म्हणून सगळे मिळून चेन असलेल्या जाड पिशवीत घालावे आणि आतली हवा दाबून काढावी. ती पिशवी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यास उत्तम. त्यांचा रंग बदलला, की कढईत हलक्या आचेवर तापवून त्या पुन्हा वापरता येतात. मात्र ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये आणि पुडी कागदी असेल, तर खडे काढून तापवावेत. वेष्टन फुटलेला रोल असेल, तर तो पावसाळी दिवशी पिशवीत बंद करू नये. आतली दमट हवाही त्याच्याबरोबर कोंडली जाते. डब्यावर फिल्मचे नाव, आयएसओ, छापील मुदत आणि डबा फ्रिजमध्ये ठेवल्याची तारीख पक्क्या शाईने लिहावी. ही शेवटची तारीख बहुतेक जण लिहीत नाहीत आणि पाच वर्षांनी नेमकी तीच हवी असते.

घरातला फ्रिज हा सार्वजनिक असतो, हेही विसरून चालत नाही. डबा मागच्या भिंतीला टेकवू नये, तिथे पाणी ओघळते. मुले दर दहा मिनिटांनी ज्या दारातून पाण्याची बाटली काढतात, त्या दाराच्या खणातही तो नको. भाज्यांच्या ट्रेमध्ये ओल जास्त असते. मधल्या खणाचा एक कोपरा मागून घ्यावा आणि डब्यावर ‘खाऊ नये’ असे लिहिण्याची गरज पडू नये, एवढे घरच्यांना समजावून सांगावे. वेष्टनबंद फिल्मपासून अन्नाला काही धोका नाही. डेव्हलपर आणि फिक्सर यांची गोष्ट वेगळी. ती विषारी रसायने आहेत, त्यांच्या बाटल्या खाद्यपदार्थांच्या फ्रिजमध्ये कधीही ठेवू नयेत. बर्फाच्या कप्प्यात त्यांतील क्षार खाली बसून ती निरुपयोगीही होतात.

वीज गेली तर? उन्हाळ्यात ती जाणारच. फ्रिजमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि वर बर्फाची भांडी असली, की आतला गारवा काही तास टिकतो आणि दार न उघडल्यास अधिक टिकतो. रोल एकदा गोठून वितळला आणि पुन्हा गोठला, म्हणून तो बिघडत नाही. पिशवी हवाबंद असेल, तर वीज गेल्याने होणारे नुकसान नगण्य. पिशवी उघडी असेल, तर वितळलेल्या बर्फाचे पाणी थेट रोलवर. फरक पडतो तो पिशवीने.

कूलर, पेटी आणि डांबरगोळ्या

फ्रिज नाही किंवा त्यात जागा नाही, अशा घरांनी काय करावे? येथे दोन समज तपासून घ्यायला हवेत. पहिला म्हणजे कूलरची खोली. कूलर हवा गार करतो, पण ती ओल्या जाळीतून ओढून, म्हणजे बाष्प भरून. खोलीत आर्द्रता चढते आणि कॅमेऱ्याची भिंगे, फिल्म, जुन्या निगेटिव्ह या सर्वांवर बुरशी धरायला सुरुवात होते. वेष्टनबंद रोल कूलरच्या खोलीत पिशवीत ठेवायला हरकत नाही, उघडा मात्र ठेवू नये. माठाशेजारचा ओला गारवा तर टाळावाच.

दुसरा समज लोखंडी पेटीचा. जपायच्या वस्तू पेटीत, आणि पेटीत डांबरगोळ्या, ही आपली जुनी पद्धत. रेशमी साडीला ती मानवते, फिल्मला नाही. डांबरगोळ्यांची वाफ, नव्या प्लायवूडच्या कपाटातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड, टर्पेंटाइन, रंगाचे थिनर, अमोनियायुक्त सफाईची द्रावणे, हायड्रोजन पेरॉक्साइड हे सगळे पायसाला बाधतात. नवे फर्निचर केलेल्या खोलीतला रोल थंड जागी असूनही खराब निघतो, त्याचे कारण बहुधा हेच. फ्रिज नसेल, तर घरातील सर्वांत आतल्या खोलीत, जमिनीलगत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, स्टीलच्या घट्ट डब्यात रोल ठेवावेत आणि मार्च संपण्याआधी संपवावेत.

भारतात फिल्म बनवण्याचा कारखाना काढायचा ठरला, तेव्हाही जागेचा प्रश्न हवामानानेच सोडवला. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली ती निलगिरीतल्या उदकमंडलम येथे, म्हणजे उटीला. थंड आणि धूळ नसलेली हवा हे त्यामागचे मोठे कारण. तिथली ‘इंदू’ फिल्म आणि क्ष-किरण फिल्म देशभर जात असे. पूर्व जर्मनीच्या ‘ऑर्वो’ फिल्मशेजारी इंदूचे खोके मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या अनेक स्टुडिओंत दिसे. उटीच्या गारव्यात जन्मलेला तो रोल मालगाडीतून, दुकानाच्या फळीवरून गिऱ्हाइकाच्या हाती येईपर्यंत मात्र सगळा देशी उन्हाळा खाऊन येई. कंपनी आता बंद झाली आहे. जुन्या स्टुडिओच्या आवराआवरीत इंदूचे न फोडलेले रोल कोणाला सापडले, तर ते फेकू नयेत. कृष्णधवल असल्याने त्यांवर थोडीफार प्रतिमा अजूनही उमटू शकते. दर दहा वर्षांमागे प्रकाश दुप्पट द्यावा, असा एक संकेत हौशी मंडळी पाळतात. तो नियम नव्हे, सुरुवातीचा अंदाज आहे. एकाच जातीचे अनेक रोल असतील, तर एक परीक्षेसाठी खर्च करावा आणि बाकीचे त्यावरून ठरवावेत.

आदिलाबादच्या छायाचित्रांचा सर्वांत मोठा जुना ठेवा फ्रिजच्या काळाआधीचा आहे. मूळचे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या राज्यात होते. १९४१ पासून त्यांनी या जिल्ह्यातील राजगोंडांमध्ये काम केले आणि पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाई येथे मुक्काम ठोकला. २०१६ च्या जिल्हा फेररचनेनंतर हे गाव कुमुरमभीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ चा. त्यांनी काढलेली हजारो छायाचित्रे आज लंडनच्या सोआस या संस्थेत आहेत. दंडारीचे नाच, पेरणी, लग्ने, घरे, चेहरे असे ऐंशी वर्षांपूर्वीचे आदिलाबाद त्यांत पाहायला मिळते. वीज नसलेल्या डोंगरी गावात, याच उन्हाळ्यात आणि याच पावसात फिल्म वापरून झालेले ते काम आहे. बेटी १९८७ मध्ये वारल्या, त्यांची समाधी मार्लवाईला आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले, त्यांचे अवशेषही पुढे तिथेच आणले गेले.

थंडी फिल्म राखते, पण रसायने राखत नाही, हे कोडाक्रोमच्या उदाहरणावरून कळते. कोडॅकने ही रंगीत पारदर्शिका फिल्म २००९ मध्ये बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला आणि त्यातली काही छायाचित्रे त्यांनी भारतात, मुंबईत आणि राजस्थानात काढली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ज्या एका प्रयोगशाळेत ही फिल्म शेवटपर्यंत धुतली जात होती, तिथे ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे बंद झाले. त्यानंतर एखाद्याच्या बर्फाच्या कप्प्यात कोडाक्रोम कितीही उत्तम टिकली, तरी तिचे रंग आता उमटवता येत नाहीत, फार तर कृष्णधवल प्रतिमा मिळते. तेव्हा साठवण्यापूर्वी डबीवरचे प्रक्रियेचे नाव पाहावे. सी-४१, ई-६ किंवा साधी कृष्णधवल असेल, तर ठेवावी.

घरी कृष्णधवल रोल धुणाऱ्यांना फ्रिजचा दुसराही उपयोग आहे. डेव्हलपरचे प्रमाण तापमान २० अंश, आणि मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी पस्तिशी ओलांडलेले. एवढ्या गरम द्रावणात ओले जिलेटिन मऊ पडून सुटू लागते. फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या परातीत ओतून द्रावणांची भांडी त्यात बसवावीत. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचे पाणी या तिन्हींचे तापमान सारखे असावे. नुसता डेव्हलपर गार करून रोल गरम नळाखाली धरला, तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात.

हे सगळे झाले कोऱ्या फिल्मचे. फोटो काढून झालेला, पण न धुतलेला रोल ही निराळी वस्तू आहे आणि जुन्या घरांत हीच अधिक सापडते. आजोबांच्या कॅमेऱ्यात अडकलेला, लग्नाच्या बॅगेत राहिलेला, डबीवर काहीच न लिहिलेला. सुप्त प्रतिमा कोऱ्या पायसाहून अधिक नाजूक असते आणि उष्णतेत विरत जाते. थंडी तिला किती साथ देते, याचे विलक्षण उदाहरण स्वीडनच्या आंद्रे मोहिमेचे. १८९७ मध्ये फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघालेले तिघे परतले नाहीत. १९३० मध्ये क्वितोया बेटावर बर्फात त्यांचे अवशेष सापडले, त्यांसोबत न धुतलेली फिल्मही. तेहतीस वर्षांनी ती धुतल्यावर ९३ छायाचित्रे मिळाली आणि त्या तिघांचे शेवटचे दिवस जगाने पाहिले. आपल्या पेटीतल्या रोलला तसा बर्फ लाभलेला नाही, त्याने तीस-चाळीस उन्हाळे काढलेले आहेत. असा रोल सापडला, तर डबी उघडून पाहू नये, कॅमेऱ्यात असेल तर मागचे झाकण उघडू नये, आधी अंधारात परत गुंडाळून घ्यावा. हवाबंद पिशवीत घालून तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा आणि जुनी फिल्म हाताळणाऱ्या प्रयोगशाळेकडे, रोलचे वय आणि तो कुठे होता हे लिहून, याच महिन्यात पाठवावा. तो रंगीत असून रंग गेले असण्याची शक्यता वाटली, तर कृष्णधवल पद्धतीने धुण्यास सांगावे. चेहरे ओळखू येण्याची शक्यता त्यात अधिक असते.